सिंगापूर, रिकामं

शौकत, मी लॅपटॉपचं झाकण लावलं, जगभर सुरू केलेली सगळी मशिनं बंद झाली असं समजलो आणि मेव्हणीच्या मुलीच्या लग्नाला साताऱ्याला निघून गेलो.

हे तुला नव्याने सांगायची गरज नाही. हा किस्सा तू ऑफिसच्या बसमध्ये, कँटीनमध्ये, कस्टम्सच्या रांगेत, माझ्या मुलाच्या साखरपुड्यात आणि एकदा तर मलाच सांगितला आहेस, त्यातला गाढव समोरच बसलाय हे विसरून. आता सांगणारा तूच नाहीस म्हटल्यावर तो मलाच सांगत फिरावं लागणार. आणि तो मला तुझ्याइतका चांगला येत नाही. झाकण लागतानाचा तो 'टक' आवाज तू जीभ टाळ्याला लावून काढायचास, आणि मग थोडा वेळ गप्प बसायचास. त्या गप्प बसण्यातच लोक हसायला लागायचे. मी परवा आरशासमोर करून बघितलं. मंगल दारात उभी राहून बघत होती. बत्तीस गुण जुळवून केलेली बायको, पण चहा ठेवायला निघून गेली. त्यावरून काय ते समज.

तुला ठाऊक आहे, पण हे वाचतील त्यांना ठाऊक नाही, म्हणून थोडं मागपासून सांगतो. तू मध्ये मध्ये दुरुस्त्या करणार नाहीस याचीच सवय व्हायला वेळ लागतोय.

आपण दोघं न्हावा शेव्याच्या बंदराबाहेरच्या एका यार्डातले कारकून. समोरासमोर टेबलं. जहाजावरून उतरलेला कंटेनर, म्हणजे आपला डबा, यार्डात आला की त्याचे कागद माझ्याकडे, आणि डबा गेटबाहेर पडला की त्याची नोंद तुझ्याकडे. मी आत घेणारा, तू बाहेर काढणारा. आपल्या दोस्तीचं सगळं यात आलं. माझ्या ड्रॉवरमध्ये सुकलेली पेनं, संपलेल्या रिफिली, कोणाच्या तरी लग्नपत्रिका. तुझ्या ड्रॉवरमध्ये एक पट्टी.

मग ऑफिसात ते पत्रक लागलं. सगळं काम क्लाउडवर जाणार, जुन्या लोकांनी शिकून घ्यावं, शिकतील त्यांना नव्या विभागात सामावून घेऊ. न शिकणाऱ्यांचं काय करणार ते लिहिलं नव्हतं, आणि ते न लिहिलेलंच आपण दोघांनी नीट वाचलं. दाढी पिकल्यावर पुन्हा वर्गात बसायचं. "चल सुध्या," तू म्हणालास, "तू नापास झालास तर मला सोबत होईल."

ठरलं ते असं. दर रविवारी सकाळी तू पनवेलच्या उरण नाक्यावरून मासळी घेऊन यायचं, रेहानाभाभींच्या हवाली करायची, हात धुऊन यायचं, आणि मग मोहल्ल्यातल्या तुझ्या घराच्या बाहेरच्या खोलीत आपला अभ्यास. शिकायला क्लाउड कंपनीत खातं उघडावं लागत होतं, मग तिचे दूर कुठेतरी ठेवलेले कॉम्प्युटर, म्हणजे 'मशिनं', घरबसल्या भाड्याने सुरू करता यायची. पहिलं वर्ष फुकट, पण क्रेडिट कार्डाचा नंबर आधी द्या. तू व्याजाच्या वाटेलाच जात नसल्यामुळे तुझ्याकडे कार्ड नव्हतं. माझ्याकडे होतं. बँकेतल्या मुलीने गोड बोलून गळ्यात मारलेलं. "कार्ड तुझं, नजर माझी," तू म्हणालास. खात्यात तुझं वेगळं नाव घालून घेतलंस, वेगळा पासवर्ड. वर नियम केलास की जो मशीन सुरू करील त्याने मशीनवर स्वतःचं नाव लिहायचं. मी म्हटलं, आपण दोघंच तर आहोत. तू म्हणालास, "म्हणूनच. नाहीतर प्रत्येक वेळी 'मी नाही' म्हणायला तुला एकच माणूस मिळेल."

आता माझं काय झालं ते ऐका. मशीन सुरू करायचं म्हणजे ते जगात कुठे सुरू करायचं ते आधी निवडायचं. तिथे एक यादी उघडते. मी घरी एकटा बसून ती उघडली आणि खुळावलो. सिंगापूर. टोकियो. सिडनी. साओ पावलो. अरे, आख्खी नोकरी ही नावं कागदांवर टाइप करण्यात गेली. कुठल्या बंदरातून डबा आला, कुठल्या बंदरात जाणार. आणि मी स्वतः गेलो कुठवर, तर महाबळेश्वर. तेही तिथे धुकं होतं, काही दिसलं नाही. म्हटलं, इथे कोणी व्हिसा मागत नाही, बोट लागत नाही, नुसतं बटण दाबायचं. मी प्रत्येक ठिकाणी एकेक मशीन सुरू केलं. प्रत्येकाला जहाजासारखं नाव दिलं. बरं, फुकट होतं ते सर्वांत लहान मशीन. पण लहान आकार निवडायला माझा हात धजेना. टोकियोला जायचं आणि वीस फुटी डब्यातून? मी मोठी घेतली. मग झाकण लावलं आणि साताऱ्याला गेलो. जेवणावळीत वाढपी म्हणून मिरवलो. तिकडे साओ पावलोत माझं मशीन कोणाची वाट बघत उभं होतं, देव जाणे.

बिल आलं ते बघून मला वाटलं, दुसऱ्या कोणाचं तरी चुकून आलं. खात्यात जाऊन बघितलं तर पडद्यावर मुंबईचं पान उघडलेलं, आणि मुंबईत एकही मशीन नाही. रिकामं. मग बिल कशाचं? मी तणतणत कंपनीला इंग्रजीत पत्र लिहिलं. आम्ही काहीही वापरलेलं नाही, मशीन नुसतं उभं होतं, आमच्यासारख्या सामान्य माणसाची ही लूट आहे वगैरे. ते पाठवून झाल्यावर तुला दाखवलं. तू वाचलंस आणि चष्मा काढून डोळे पुसायला लागलास. मला वाटलं, वाईट वाटलं असावं.

"अरे, हे तर तळोज्याच्या त्या केमिकलवाल्याचं पत्र आहे!" तू म्हणालास.

खरंच होतं की. त्याचा डबा फुकटचे दिवस संपून गेले तरी आपल्या यार्डात पडलेला. तो काउंटरवर येऊन मला हात जोडून सांगत होता, साहेब, आम्ही हातसुद्धा नाही लावला, डबा नुसता उभा होता. आणि मी खुर्चीत मागे रेलून म्हणालो होतो, "उभा होता ना? मग उभं राहायचंच भाडं आहे ते." केवढी ऐट होती माझी. तू समोरच्या टेबलावरून सगळं ऐकलं होतंस आणि जपून ठेवलं होतंस, पुढे कधी लागेल म्हणून.

"आणि डबा मुंबईच्या यार्डात काय शोधतोयस? तो टोकियोत उभा आहे. यार्ड बदलून बघ."

मी एकेक यार्ड बदलत गेलो. प्रत्येक ठिकाणी माझं एकेक जहाज, दिवे लावून, ऐटीत उभं. कंपनीने पहिली चूक म्हणून बिल सोडून दिलं. मी पेढे आणले. तू पेढा हातात घेऊन विचारलंस, "त्यांनी माफ केलं. आपण कोणाला केलं होतं का रे कधी?" पेढा खाल्लास, पण हे विचारून खाल्लास. तुझी ही सवय मला कधीच आवडली नाही. गोड तोंडात असताना असलं काही विचारायचं.

त्या रविवारपासून तुझं गेट-आउट सुरू झालं. यार्डात आपण करतो तसंच. एकाने नंबर वाचायचा, दुसऱ्याने डोळ्यांनी बघून उत्तर द्यायचं, त्याशिवाय डबा गेला म्हणायचं नाही. अभ्यास संपला की तू खिडकीशी उभा राहून बंदरं पुकारायचास आणि मी पडद्यावर बघून सांगायचं.

"टोकियो?"

"रिकामं."

"सिडनी?"

"रिकामं."

सिंगापूर आलं की तू म्हणायचास, "ते मी बघितलंय, पुढे चल." मी पुढे जायचो. पुढे जायला सांगितल्यावर मी कधी मागे बघितलंय?

त्यातही तुझी बारीक कलमं. थांबवलेलं मशीन म्हणजे गेलेलं मशीन नव्हे. त्याच्या पोटातली डिस्क जागा अडवतेच, तिचं भाडं चालू. मशीन गेलं तरी त्याच्यासाठी राखून ठेवलेला पत्ता उरतो, तो सोडला नाही तर त्याचेही पैसे. "भाडेकरू गेला, पाटी काढ," तू ओरडायचास. आणि सगळ्यात शेवटी तू तो भोंगा लावलास. बिल शून्याच्या वर सरकलं रे सरकलं की दोघांनाही ईमेल. मी म्हटलं, आता भोंगा आहे, आता दर रविवारी कशाला पुकारायचं? तू म्हणालास, "भोंगा वाजला म्हणून ट्रेलर थांबतो का? ब्रेक कोणीतरी मारायला लागतो ना?" तेवढ्यात विमानतळासाठी टेकडी फोडतात तिकडचा सुरुंग उडाला आणि खिडकीची काच थरथरली. तू कान देऊन म्हणालास, "बघ, सुध्याचं सिडनी पडलं."

आतून भाभी हसल्या. आपण काय बोलतो ते त्यांना स्वयंपाकघरात सगळं ऐकू जायचं.

आता आपल्या भांडणाकडे येतो. तू नसताना त्याविषयी लिहिणं बरोबर नाही, पण तू असताना तू ते काढूच द्यायचा नाहीस.

मी मुंबईत एक छोटं, फुकटातलं मशीन सुरू करून त्यावर माझं पान केलं होतं. स्वतःच्या फजितीच्या गोष्टी. कस्टमच्या साहेबाला चुकून दुसऱ्याच्या वाढदिवसाचा केक कापायला लावला ती, सुकापूरला नवीन फ्लॅटचा ताबा घ्यायला गेलो आणि शेजारच्या बिल्डिंगमधल्या लोकांच्या हॉलमध्ये पडद्यांचं माप घेतलं ती. रोज संध्याकाळी थोडं थोडं लिहायचो. कोणी वाचत नव्हतं, पण ते कुठेतरी चालू आहे, कोणी उघडलं तर उघडेल, याचंच मला कौतुक. त्या रविवारी मला यायला उशीर झाला. तू एकट्यानेच गेट-आउट केलंस. मुंबईत मशीन दिसलं, तू ते कायमचं काढून टाकलंस. प्रत कुठेही नव्हती.

"मला वाटलं तुझं राहून गेलं," तू म्हणालास.

"राहून नव्हतं गेलं. ठेवलं होतं."

"नाव लिहिलं नव्हतंस."

नव्हतं लिहिलं. पण माणसाने चिडावं की नाही? मी म्हटलं, "सगळं बंदच करायचं तर सुरू कशाला करायचं?"

"शिकायला."

"आणि शिकून?"

मी दोन आठवडे बसमध्ये तुझ्या शेजारी बसलो नाही. ड्रायव्हरच्या मागे, इंजिनाच्या गरमीत बसलो, आणि मागून तुझा तो झाकणाचा किस्सा ऐकत राहिलो. तू सॉरी म्हणाला नाहीस. भाभींच्या हातची सांदणं पाठवलीस. मी ती खाल्ली आणि तरीही बोललो नाही. हा माझा कोतेपणा नव्हता, सांदणं थोडी कमी होती.

मग बोलायला लागलो, कसा ते आठवत नाही. पण ते भांडण मिटलं नाही, नुसतं थांबलं. तुझ्याच भाषेत, थांबवलेलं म्हणजे गेलेलं नव्हे. एकदा गव्हाण फाट्याला ट्रेलरांच्या रांगेत बस अडकली असताना तू मध्येच म्हणालास, "सुध्या, ते तुझं पान..." आणि पुढचा ट्रेलर हलला, सगळीकडून हॉर्न सुरू झाले. मी कानावर हात ठेवून विचारलं, काय? तू म्हणालास, "जाऊ दे, रविवारी सांगतो." त्या रविवारी तू कोलंबीवर बोललास. नंतरच्या रविवारी बोंबलांवर. आणि त्यानंतर आपल्याला रविवार मिळाला नाही.

तुझ्या मातीला मी आलो होतो. तीन मुठी माती कशी टाकायची ते तुझ्या धाकट्या भावाने हात धरून सांगितलं. कब्रस्तानातून परतताना मी दुसऱ्याच कोणाच्या तरी चपला घालून आलो, ते घरी आल्यावर मंगलने दाखवलं. माझ्या काळ्या, या तपकिरी, आणि नंबरसुद्धा मोठा. अजून दाराशी आहेत. कोणी मागायला आलं नाही. हे तुला सांगायचं म्हणून मी फोन उचलला होता रे. नंबर लावेपर्यंत लक्षात आलं नाही.

त्यानंतर ऑफिसात बसलो असताना तुझा भोंगा वाजला. तुझं टेबल समोर मोकळं, त्यावरची पाण्याची बाटली कोणी उचलली नव्हती, आणि माझ्या पडद्यावर ईमेल. बिल शून्याच्या वर गेलं आहे. मी घाईघाईने कॅलेंडर बघितलं. फुकटचं वर्ष त्याच आठवड्यात संपलं होतं. म्हणजे मी पुन्हा कुठेतरी काहीतरी चालू ठेवलं. माझ्या डोक्यात दुसरं काही आलंच नाही, असा माझा माझ्यावर विश्वास. आणि त्या ईमेलची एक प्रत तुझ्याही पत्त्यावर गेली असणार, ती तिथे न उघडता पडली असणार, हे नंतर सुचलं. सुचायला नको होतं.

घरी येऊन पुकारायला बसलो. मोठ्याने, तुझ्यासारखंच. "टोकियो?" आणि मग माझा मीच, "रिकामं." "सिडनी?" मंगल बाहेर आली. "कोणाशी बोलताय?" मी म्हटलं, गेट-आउट करतोय. ती मग म्हणाली, "शौकतभाई आवाज मोठा लावायचे, फोनमधून मलासुद्धा ऐकू यायचा."

सिंगापूरला आलो. सवयीने पुढेच जाणार होतो. पण तिथे, शौकत, एक मशीन उभं होतं. सर्वांत लहान आकाराचं, म्हणून वर्षभर फुकट चाललेलं. त्यावर नाव तुझं.

मी हसलो की काय केलं ते सांगत नाही. वर्षभर माझ्याकडून जगभरची दारं लावून घेणारा तू, आणि सिंगापूरला दिवा ठेवून बसलेला! "ते मी बघितलंय, पुढे चल." भला माणूस.

त्या मशीनवर एक पान होतं. वर लिहिलेलं, 'आजचा बाजार'. खाली मासळीचे फोटो. प्रत्येक रविवारचा एक, कधी मध्येच बुधवारचा, आणि प्रत्येक फोटोखाली तुझी एखादी ओळ. तुझी नाझनीन लग्न होऊन सिंगापूरला गेली आणि तिथल्या मासळीला चव नाही म्हणून फोनवर रडायची, ते ठाऊक होतं मला. तिच्यासाठी तू पनवेलचा बाजार तिकडे मांडला होतास. तिच्या जवळचं यार्ड निवडलंस, म्हणजे पान तिला लवकर उघडेल. हेसुद्धा आपण त्या अभ्यासातच शिकलो होतो. मी ते वहीत उतरवलं, तू वापरलंस.

मी खाली खाली वाचत गेलो. 'पापलेटकडे नुसतं बघून आलो. बघायचे पैसे घेत नाहीत.' 'कोलंबी चांगली, विकणारीचा मूड वाईट. दोन्ही घेऊन आलो.' 'आज सुधीरकाका बरोबर होता. त्याने मांदेलीला बोंबलाचं पिल्लू म्हटलं. मी त्याला ओळखत नाही असं दाखवलं.' आणि शेवटचा फोटो बोंबलांचा. खाली लिहिलं होतं, 'सुरमई आज मनासारखी नव्हती. रविवारी बघतो.'

नाझनीनला फोन लावला. तिला वाटलं, मी समाचाराला केला. मी पानाचं विचारलं. मग म्हणाली, "मी रोज उघडते, काका. तेच बोंबील आहेत. तरी उघडते." आणि मग, "बंद नका ना करू."

आता कर काय करायचं ते. तुझा भोंगा रोज सकाळी ईमेल करतोय की बंद कर, तुझी मुलगी म्हणतेय बंद करू नका, आणि तुमच्या दोघांच्या मध्ये कोण, तर मी. झाकण लावून साताऱ्याला जाणारा. पैशाचं म्हणशील तर ते मी भरले असते, चहा सोडून. पण किती दिवस? एक दिवस कार्ड बदलेल, नाहीतर मीच कुठल्या तरी बटणावर बोट ठेवीन, आणि तुझी मासळी माझ्या फजितीच्या गोष्टींच्या मागे जाईल, जिथून काही परत येत नाही. मला माझ्या हातांची भीती वाटली. हे हात मी चांगले ओळखतो.

चार संध्याकाळी मी आपल्या वह्या घेऊन बसलो. आणि सापडलं. ते आपल्याला शिकवलेलं होतं, आपणच त्यावरून पुढे गेलो होतो. नुसती पानं आणि फोटो लोकांना दाखवायचे असतील तर मशीन चालू ठेवावं लागतच नाही. तिथे गोदाम मिळतं. माल गोदामात ठेवायचा, तिथूनच तो दिसतो, आणि त्याचं भाडं इतकं किरकोळ की भोंग्याला जागही येऊ नये. म्हणजे, शौकत, बंद करायचं हे तुझं बरोबर होतं आणि चालू ठेवायचं हे माझं. दोन आठवडे मी इंजिनाच्या गरमीत उगाच भाजलो. हे तुला सांगता आलं असतं तर तू काय म्हणाला असतास तेही मला ठाऊक आहे. म्हणाला असतास, वही माझी होती.

पण मशीनमध्ये शिरायची चावी म्हणजे एक फाइल असते, आणि ती तुझ्या लॅपटॉपवर. म्हणून रविवारी तुझ्या घरी गेलो. भाभी इद्दतमध्ये, म्हणजे नवरा गेल्यावर काही महिने परपुरुषासमोर यायचं नाही. बाहेरच्या आणि आतल्या खोलीच्या मध्ये पडदा लावलेला, त्या आत. तुझा भाऊ माझ्यासोबत बाहेर पेपर वाचत बसला. इतकी वर्षं ज्या समोर येऊन "सुधीरभाई, आज पण उपाशी आलात का?" विचारायच्या, त्यांचा आता नुसता आवाज. लॅपटॉपचा पासवर्ड त्यांनी पडद्याआडूनच सांगितला. नाझनीनचं घरातलं नाव. मी टाइप केलं, आणि दोनदा चुकलो, कारण दिसत नव्हतं.

आधी तुझ्या सगळ्या मासळीच्या प्रती काढल्या. माझ्या लॅपटॉपवर एक, पेन ड्राइव्हवर एक, तुझ्या भावाच्या फोनवर एक. तो म्हणाला, मला कशाला? मी म्हटलं, माझ्याकडून हरवेल म्हणून. तो लगेच हो म्हणाला, त्यालाही तू काय काय सांगून ठेवलंयस कोण जाणे. मग सगळं गोदामात चढवलं. नाझनीनला फोन केला.

"उघड."

"उघडलं."

"कोलंबी दिसतेय?"

"दिसतेय."

"बोंबील?"

"दिसतायत, काका." मग खालपर्यंत बघून, "सगळं दिसतंय. करा आता."

मी सिंगापूरचं ते मशीन कायमचं काढून टाकायचं बटण दाबलं. यंत्र पुन्हा विचारतं, खात्री आहे का? मला आयुष्यात एवढ्या अदबीने कोणी विचारलं नव्हतं. मी हो म्हटलं. डिस्क बघितली. पत्ता सोडला. भाडेकरू गेला, पाटी काढली. आणि मग तुझ्या खिडकीपाशी उभं राहून पुकारायला लागलो.

"टोकियो?"

पडद्याच्या आतून उत्तर आलं, "रिकामं."

तुझ्या भावाने पेपर वर धरला.

"सिडनी?"

"रिकामं."

मी एकेक बंदर पुकारत गेलो आणि भाभी आतून उत्तर देत गेल्या, न चुकता, न थांबता, वर्षभर ऐकलेलं. शेवटी मला राहवलं नाही. म्हटलं, "भाभी, बघितल्याशिवाय कसं सांगताय?"

"तुम्ही तरी कुठे बघायचात?" आतून आवाज आला. "ते म्हणायचे, सुध्या बघत नाही, नुसतं रिकामं रिकामं म्हणतो. रात्री पुन्हा सगळं तेच बघायचे."

म्हणजे तुला ठाऊक होतं. आणि तरी तू दर रविवारी पुकारायचास.

सिंगापूर मी सर्वांत शेवटी ठेवलं होतं. पुकारलं. आत भांडं ठेवल्याचा आवाज आला. मग, "रिकामं."

पुढच्या रविवारी मी एकटा उरण नाक्याला गेलो. तुझं राहिलेलं एक काम होतं. त्या कोपऱ्यावरच्या कोळणीने मला ओळखलं. "त्ये चष्मेवालं नाय आलं?" मी सांगितलं. तिने हातातला कोयता खाली ठेवला आणि बर्फावरचं पाणी उगाच झटकत राहिली. मग म्हणाली, "रोज भावावरनं भांडायचं. घ्यायचं मात्र माज्याकडनंच." मी म्हटलं, सुरमईचा फोटो काढायचाय. "फोटू काढून प्वाट भरतंय काय?" पण हात दाखवून म्हणाली, "काढा, ती काय, तिकडं हाय."

आता मला सुरमई ताटात आली की ओळखू येते. तुकडे केलेली, तळलेली. अख्खी असली की मला सगळे मासे सारखेच दिसतात, टोकियो आणि सिडनी दिसायचे तसे. तिने दाखवलं तिकडे जे मोठं, चकचकीत पडलं होतं त्याचा मी फोटो काढला. घरी येऊन तो 'आजचा बाजार'मध्ये चढवला. खाली एक ओळ लिहिली. तुझ्यासारखी जमली नाही, साधीच लिहिली: 'आज सुरमई मिळाली. अब्बांचं राहिलं होतं.' आणि नाव लिहिलं. या वेळी नाव लिहिलं.

चहा होईपर्यंत नाझनीनचा मेसेज आला.

"काका, ही सुरमई नाही, कुपा आहे. अम्मीला फोटो पाठवला. ती म्हणतेय, सिंगापूर खरंच रिकामं केलंत का, ते एकदा दुसऱ्या कोणाकडून तरी बघून घ्या."